इंद्रायणीत बुडालेले पहिले कागद

गेल्या आषाढात आमच्या वस्तीतल्या बालवाडीत एक चित्रपुस्तक मुलांना वाचून दाखवण्याचा प्रसंग आला. पुस्तक तुकोबांच्या चरित्रावरचे होते. पहिल्या पानावर चेहऱ्यामागे तेजोवलय असलेले गोरेगोमटे बालक, मधल्या पानांवर वीणा घेऊन डोळे मिटून बसलेले तुकोबा, पुढे नदीतून कोरड्याठाक वर येणाऱ्या वह्या आणि अखेरच्या पानावर पुष्पवृष्टीत आकाशाकडे निघालेले विमान. मुले रमली. विमानाचे चित्र पुनःपुन्हा दाखवावे लागले. मात्र पुस्तक मिटताना साडेपाच वर्षांच्या एका मुलीने विचारले, ‘‘मग यांचं दुकान कोण सांभाळायचं?’’ तुकोबांच्या घरी दुकान होते, असे एक वाक्य पुस्तकात कुठेतरी येऊन गेले होते. दुकानाचे चित्र मात्र एकाही पानावर नव्हते. या मुलीची आई बाजारात भाजी विकते. दुकान म्हटले की कोणीतरी ते उघडावे लागते, माल आणावा लागतो, उधारी लिहून ठेवावी लागते, हे तिला ठाऊक आहे. तिच्या प्रश्नाला पुस्तकाजवळ उत्तर नव्हते.

हा प्रश्न बालिश नाही. तुकोबांचे सारे चरित्र ज्या ठिकाणी वळण घेते, नेमक्या त्या ठिकाणी त्या मुलीने बोट ठेवले होते. आणि ज्या पिढीला आपण समतेच्या समाजाचे वारस म्हणतो, तिच्या हाती कवीचे पहिले चित्र कोणते पडते, हा चळवळीच्या दृष्टीनेही दुय्यम प्रश्न नाही. लहान मूल अक्षराच्या आधी चित्र वाचते. मजकुरात काहीही लिहिलेले असो, चित्रात जे आहे तेच त्याच्या लेखी घडलेले असते; जे चित्रात नाही ते घडलेलेच नसते. पुढे शाळेत, महाविद्यालयात तो कितीही वाचो, मनाच्या तळाशी ते पहिले चित्र राहतेच. म्हणून कवीच्या चरित्रातले कोणते प्रसंग चित्रकाराने रंगवायचे आणि कोणते गाळायचे, हा निर्णय कलेचा असतो तितकाच तो मूल्यांचाही असतो.

तुकोबांच्या चरित्रातल्या ठळक गोष्टी आठवून पाहू. इ. स. १६०८ हे त्यांचे जन्मवर्ष सर्वसाधारणपणे मानले जाते. देहूचे हे घराणे महाजनकीचे. घरी शेती, दुकान आणि सावकारी होती. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी विरक्त झाले, आणि संसाराचा व व्यापाराचा भार कोवळ्या वयात तुकोबांच्या खांद्यावर आला. आईवडील गेले. आणि १६३०च्या सुमारास दख्खनवर तो भयंकर दुष्काळ कोसळला, ज्यात गावेच्या गावे ओस पडली. तुकोबांचा व्यापार बसला. पहिली पत्नी अन्नावाचून गेली; मुलगाही गेला. हे सारे नंतरच्या कोणा भाविकाने रचलेले नाही. दुष्काळाने पैसा आणि मान दोन्ही कसे नेले, घरातले माणूस अन्न अन्न करीत कसे गेले, याची जाहीर कबुली खुद्द तुकोबांनी आपल्या अभंगांत दिलेली आहे. मराठीतल्या या थोर कवीचा जन्म उपासमारीच्या अनुभवातून झाला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

दुष्काळ सरल्यावर काय घडले? येथे आपण इंद्रायणीच्या काठी येतो. घरात लोकांची कर्जखते होती. ती वसूल करून बुडालेला व्यापार पुन्हा उभा करणे, हा व्यवहाराचा सरळ मार्ग होता. परंपरा सांगते की, तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी खते धाकटे बंधू कान्होबा यांच्या हाती दिली, कारण त्यांच्या वाट्यावर आपला अधिकार नाही. आणि उरलेली निम्मी, म्हणजे स्वतःच्या वाट्याची, इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. ज्या कुळांनी त्याच दुष्काळात आपली माणसे गमावली होती, त्यांच्या दाराशी तगादा घेऊन जाण्याचा हक्क त्यांनी आपल्या हाताने बुडवला. दुसऱ्याच्या हक्काला हात न लावता आपला हक्क सोडणे, यात जो विवेक आहे तो नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांतही सहसा इतका नेमका आढळत नाही.

म्हणजे इंद्रायणीत कागद दोनदा बुडाले. पहिल्यांदा तुकोबांनी स्वतः, स्वेच्छेने, इतरांच्या मानेवरचे कागद बुडवले. दुसऱ्यांदा त्यांच्या स्वतःच्या अभंगांच्या वह्या बुडवणे त्यांना भाग पाडले गेले. कारण शूद्र मानल्या गेलेल्या एका वाण्याने वेदांतला अर्थ लोकांच्या भाषेत सांगावा, हे धर्मसत्तेला सोसवले नाही. या दोन प्रसंगांचे नाते उघड आहे. जो माणूस कर्जाचे कागद बुडवतो, त्याच्याच कवितेचे कागद पुढे बुडवले जातात. आपली बहुतेक चित्रमय चरित्रे दुसरा प्रसंग रंगवतात, तोही वह्या वर येण्याच्या चमत्कारापुरता. पहिला प्रसंग एक तर गाळला जातो, किंवा ‘त्यांना संसाराचा वीट आला’ अशा एका वाक्यात आटोपला जातो. चमत्कार राहतो आणि निर्णय जातो.

याचा दोष जुन्या चरित्रकारांवर ढकलून चालणार नाही. महिपतींनी अठराव्या शतकात संतचरित्रे लिहिली. ते भाविक होते, चमत्कारांवर त्यांची श्रद्धा होती. परंतु दुष्काळ, दिवाळे आणि खते बुडवण्याचा प्रसंग यांपैकी काहीही त्यांनी लपवले नाही. लपवले ते आपण, छापखान्याच्या आणि रंगीत चित्रांच्या युगातल्या सुशिक्षितांनी. भाविक चरित्रकाराला संताचे कर्ज सांगण्याचा संकोच वाटला नाही. आपल्याला मात्र कर्जाचे चित्र मुलांच्या पुस्तकात शोभत नाही असे वाटते. यात मुलांची काळजी किती आणि आपल्या व्यवस्थेची काळजी किती, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा.

याच पुणे जिल्ह्यात पुढे काय घडले ते आठवले, की हा प्रसंग गाळण्याचे मोल कळते. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ती हिसकावून त्यांनी जाळली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हा उठाव पसरला, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तुकोबांच्या कृतीतून हा उठाव निघाला, असा दावा येथे करायचा नाही. इतिहास इतक्या सोप्या धाग्यांनी विणलेला नसतो. मात्र जे कागद कुळांना सुमारे दोनशे चाळीस वर्षांनंतर आगीत घालावे लागले, तसेच कागद एका सावकाराच्या मुलाने आपण होऊन पाण्यात घातले होते, एवढे या मातीतल्या मुलाला कळायला नको काय? कर्जापायी शेतकरी आजही जीव देतो. त्याच्या घरातले मूल अंगणवाडीत बसून चित्रे पाहते. त्या मुलाला तुकोबांचे विमान दाखवायचे आणि तुकोबांनी बुडवलेली खते दाखवायची नाहीत, याला भक्ती म्हणावे की विसर?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना भूक, मृत्यू आणि कर्ज दाखवावे काय? त्यांचे मन कोवळे असते. याचे पहिले उत्तर असे की, ज्या मुलांसाठी आपण काम करतो त्यांना यातले काहीच नवे नाही. उधारी संपल्यावर वाण्याने परत पाठवलेली पिशवी त्यांनी पाहिलेली असते. पुस्तकात ती दिसली तर मूल घाबरत नाही. उलट आपले घर पुस्तकात येऊ शकते, हे त्याला प्रथमच कळते. दुसरे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्ये कर्ज आहे, सावकाराचा माणूस दारी येऊन केलेला अपमान आहे, आईचा मृत्यू आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी ते पुस्तक मुलांना वाचून दाखवले; त्याने मुले खचली नाहीत, अधिक माणूस झाली. प्रश्न दुःख दाखवावे की नाही हा नाही. ते कोणाच्या सोबतीने आणि कोणत्या प्रमाणात दाखवावे, हा आहे.

१९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत ते काम नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, गुरे राखणाऱ्या मुलासाठी शाळेने कुरणात जावे, हा त्यांचा विचार होता. चित्रपुस्तकाला तोच न्याय लावला पाहिजे. मूल कवीच्या उंचीवर चढून येणार नाही. कवीलाच मुलाच्या अंगणात उतरावे लागेल. सुदैवाने तुकोबांना त्यासाठी फार उतरावे लागत नाही. ते अंगणातलेच आहेत. स्वतःला कुणबी म्हणवून घेण्यात त्यांना धन्यता वाटत होती. त्यांच्या कवितेत माप आहे, तराजू आहे, बाजार आहे, शेत आहे, माहेरची वाट पाहणारी लेक आहे. मुलाच्या ओळखीच्या इतक्या वस्तू एकाच कवीजवळ सापडणे दुर्मीळ.

असे पुस्तक मनात रंगवून पाहतो, तेव्हा त्याचे पहिले पान दुकानाचे दिसते: धान्याची पोती, तराजू, आणि वजन करणारा एक सावळा तरुण. पुढचे पान रिकाम्या आभाळाचे. त्याच्यापुढे तेच दुकान, पण पोती रिकामी. मृत्यू सांगायला प्रेत काढावे लागत नाही. आधीच्या पानावर चुलीपाशी चार माणसे होती, या पानावर दोनच आहेत, एवढे चित्राने दाखवले की मूल आपण होऊन मोजते आणि गप्प होते. मग नदीचे पान. पाण्यावर सुटे झालेले कागद, काठावर मोकळे हात, आणि पलीकडे दूर एका झोपडीच्या दारात उभे असलेले कुणब्याचे कुटुंब. या पानावर एकच वाक्य पुरे: आता कोणी कोणाचे देणे लागत नव्हते. त्यानंतरच भंडाऱ्याचा डोंगर यावा, आणि त्यानंतरच पहिली कविता. हा क्रम महत्त्वाचा आहे. कविता आकाशातून पडली नाही. दुकान, दुष्काळ आणि नदी यांच्यामागून ती आली, हे मुलाला पाने उलटतानाच कळले पाहिजे.

चमत्कारांचे काय करायचे? वह्या तेरा दिवसांनी पाण्यातून सुखरूप परत आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे आणि तुकोबांच्या अभंगांतही तिचा उल्लेख आहे. तिची टिंगल करणारे पुस्तक मुलांच्या हाती देणे हा उद्दामपणा होईल. तिलाच सारे चरित्र मानणे हा आळस होईल. लेखकाने ‘लोक असे सांगतात’ एवढेच म्हणावे आणि शेजारच्या पानावर लोक दाखवावेत. चाकणचे संताजी जगनाडे जातीने तेली. ते तुकोबांचे अभंग लिहून ठेवत. दळणाऱ्या बाया ते गात होत्या, वारीला जाणारे गात होते. शिऊरची बहिणाबाई ही ब्राह्मण स्त्री. जातीचा सारा डोलारा ओलांडून तिने तुकोबांना गुरू मानले. इतक्या कंठांत जे गेले, ते एका डोहात कसे बुडणार? हा विचार पाच वर्षांच्या मुलालाही समजतो, कारण त्यालाही पुस्तकाशिवाय पाठ असलेली गाणी असतात. आणि ज्यांनी छळ केला म्हणून सांगतात ते रामेश्वरभट पुढे तुकोबांचे भक्त झाले, हेही पान असावे. विरोधक बदलू शकतो, ही गोष्ट विमानापेक्षा कमी आश्चर्याची नाही.

आणि जिजाईंचे चित्र! बहुतेक कथांत तुकोबांची दुसरी पत्नी कजाग म्हणून येते, जणू थोर कवीच्या सहनशीलतेची परीक्षा पाहण्यापुरतीच तिची योजना होती. १९३६च्या ‘प्रभात’च्या चित्रपटात दामले-फत्तेलाल यांनी आणि जिजाईंची भूमिका करणाऱ्या गौरी यांनी त्या बाईला रक्तामांसाचे केले, तिच्या रागाला घरातल्या उपाशी पोरांचे कारण दिले, हे त्या चित्रपटाचे मोठे श्रेय होय. डोंगरावर बसलेल्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन उन्हात चढणारी बाई हे चित्र लोककथेने केव्हाचे काढून ठेवले आहे. आमच्या बालवाडीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या चित्रात आहे. दुकान कोण सांभाळायचे, चूल कोण पेटवायचे, पोरे कोण जगवायचे? जिजाई. कवीची कविता कोणाच्या तरी श्रमावर उभी असते, हे मुलांना लहानपणी कळले तर मोठेपणी बाईच्या श्रमाचा हिशेब मांडताना त्यांना आपल्याइतकी अडचण होणार नाही.

आता थोडे आपल्याविषयी. तेजोवलय काढणाऱ्यांवर टीका करताना आपण दुसरे वलय काढत नाही ना, हे तपासले पाहिजे. आपल्या व्यासपीठांवर, भित्तिपत्रकांवर आपणही तुकोबांना बोलावतो. पण तेव्हा ते मूठ आवळलेले, आपलीच घोषणा देणारे असतात. त्यांची विठ्ठलभक्ती आपण सोयीने बाजूला सारतो. हेही खोटे चित्र आहे. तुकोबांचा विद्रोह भक्तीतून आला आणि त्यांची भक्ती विद्रोहाला भ्यायली नाही. दोन्ही एकाच माणसात होते. १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा त्यांनी विठ्ठल नाकारला नव्हता. विठ्ठलाचे दार सर्वांसाठी मागितले होते. मुलाला पूर्ण माणूस द्यावा. त्याच्या हाती पुतळा देऊ नये, तसेच भित्तिपत्रकही देऊ नये.

राहिला प्रश्न साधनांचा. चांगले चित्रपुस्तक महाग पडते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खोटी नाही. तरी एके काळी मॉस्कोत छापलेली, मराठीत भाषांतरित झालेली देखणी बालपुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत अगदी स्वस्तात गावोगाव पोहोचत होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत ती अजून असतील. सोव्हिएत संघ १९९१ साली संपला आणि तो ओघ आटला. त्या पुस्तकांच्या मागे एक राज्यसत्ता होती, हे खरे. पण मुलांचे पुस्तक ही बाजाराच्या दयेवर सोडायची वस्तू नव्हे, हा त्यामागचा विचार त्या सत्तेबरोबर संपण्याचे कारण नाही. मराठीत चित्रकार नाहीत, असेही नाही. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी साधे घर, साधी माणसे आणि रोजचे प्रसंग यांतून लहान मुलांसाठी किती नितळ पुस्तक होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. तीच नजर कवींच्या चरित्रांकडे वळायला हवी. तालुक्याच्या वाचनालयात, युनियनच्या कचेरीत, कार्यकर्त्याच्या पडवीत चित्रपुस्तकांची एक फळी असणे अवघड नाही. आणि पुस्तक मिळेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर खडूने काढलेली दहा चित्रे आणि ती दाखवताना मुलांच्या प्रश्नांना न टाळणारी एक ताई किंवा दादा, एवढ्यावर काम सुरू होते.

आम्ही तेच केले. पुढच्या आठवड्यात बालवाडीतल्या मुलांनाच तुकोबांचे दुकान काढायला सांगितले. कोणी तराजू काढला, कोणी गुळाची ढेप, एकाने दुकानाच्या दाराला भलेमोठे कुलूप. मग नदीची आणि कागदांची गोष्ट सांगितली. ‘‘कागदावर काय लिहिलं होतं?’’ या प्रश्नाला ‘‘कोणी किती पैसे द्यायचे ते,’’ असे उत्तर दिल्यावर क्षणभर शांतता झाली. भाजीवालीच्या त्या मुलीने निळा खडू घेतला आणि आपल्या कागदावर नदी काढली. पाण्यात बरेचसे पांढरे चौकोन राखले. घरी जाताना तो कागद तिने आईला दाखवण्यासाठी बरोबर नेला.

विमान तिने काढले नव्हते. तिला कोणी नको म्हटले नव्हते. कागदावर नदीनंतर जागाच उरली नव्हती.